जाबाचं पद

"बोट ठेवून दाखव," सगुणामावशी म्हणाल्या.

"काय दाखवू?"

"आत्ता वाचलंस ते. पेत्राच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्यानं प्रभूचे पाय धरले. कुठल्या ओळीत आहे? ठेव बोट."

मांडीवरच्या शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, मी बोट टेकवायला गेले आणि ते तसंच अधांतरी राहिलं. ओळ नव्हती. मी वरून खाली आले, खालून वर गेले. पहाट होती, सरोवराचा काठ होता. कोळशाचे निखारे होते, त्यांच्यावर मासळी, शेजारी भाकर. पण धारा नव्हत्या, आणि पाय धरणं तर कुठंच नव्हतं.

"दोन पानं एकदम उलटली असतील," मी म्हणाले.

"माझे डोळे गेलेत, सलोमी. कान नाही गेले. तू पान उलटलंच नाहीस."

खरं म्हणजे मी वाचतच नव्हते. पहिल्या दोन ओळी पाहिल्या आणि पुढचं तोंडपाठ म्हणत सुटले. आणि तोंडपाठ काय होतं, तर आमच्या बाबांचं आख्यान. लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेलं, की शास्त्र कुठं संपतं आणि बाबा कुठं सुरू होतात, हे मला कळेनासं झालं होतं.

"तुम्हाला सगळं पाठ आहे तर मला कशाला वाचायला बसवलंत?" मी जरा फणकाऱ्यानं म्हणाले.

"मला पाठ आहे गं. तुला कुठं आहे? चल, पहिल्यापासून. सावकाश."

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. आमचं गाव सोनकुंड, नगर जिल्ह्यातलं, बाजरीचं आणि बाभळीचं. मी एकवीस वर्षांची. आमचे बाबा शांतवनबुवा ओहोळ म्हणजे त्या टापूतल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचे कीर्तनकार. फेटा बांधून, झांज हातात घेऊन ते उभे राहिले की बाहेर रस्त्यावरून जाणारा बैलगाडीवालाही गाडी सोडून बसायचा. मला कीर्तनाचं वेड तेव्हापासूनचं. पाळकसाहेबांचं प्रवचन ऐकताना मी दोन वेळा जांभई द्यायची, पण तेच वचन बाबांनी ठेक्यावर घेतलं की अंगावर काटा यायचा. आजही तसंच आहे. देव मला क्षमा करो.

त्या वर्षी बाबांचा घसा बसला. नगरच्या डॉक्टरांनी आत काहीतरी गाठी पाहिल्या आणि सांगितलं, तीन महिने एक शब्द बोलायचा नाही, कुजबूजसुद्धा नाही. बाबांनी माझी शाळेतली जुनी पाटी शोधून काढली आणि तिच्यावर लिहून घर चालवायला सुरुवात केली. "मीठ." "दार लावा." एकदा आईशी भांडण झालं तेव्हा त्यांनी एवढं लिहिलं की पेन्सिल मोडली. आई म्हणाली, "बरं झालं, मला वाचता येत नाही."

पण आमचा उपकारस्तुतीचा सण तोंडावर आला होता. पीक घरात आलं की देवळात आणून अर्पण करायचं आणि दुपारी देवळापुढच्या मांडवात कीर्तन. तीस वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं. बाबांनी पाटीवर लिहिलं, "सलोमी करील." खाली रेघ ओढून लिहिलं, "पेत्राचं आख्यान."

आणि आमच्या मंडळीत एक रिवाज होता. पहिल्यांदा कीर्तनाला उभं राहणाऱ्यानं चाळीस दिवस सगुणामावशींपुढं बसून तोच एक उतारा वाचायचा. तेवढ्या दिवसांत त्याला चाल लावायची नाही. गुणगुणायचंसुद्धा नाही. सगुणामावशी बायबलबाई होत्या. तरुणपणी शास्त्र पिशवीत घालून गावोगाव पायी जायच्या, बायकांना वाचून दाखवायच्या. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, देवळामागच्या एका खोलीत राहायच्या. मिशेरीची डबी, पाण्याचा माठ आणि एक खाट, एवढाच संसार.

"आमचे बाबा पण बसले होते ना तुमच्याकडं चाळीस दिवस?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"अकरा," मावशी म्हणाल्या. "बाराव्या दिवशी पळाला. म्हणाला, मावशी, पद सुचलंय, आता राहवत नाही."

ते सुचलेलं पद म्हणजेच जाबाचं पद. त्याच्याबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

प्रभूला धरून नेतात त्या रात्री कोळशाच्या शेकोटीपाशी त्याचा शिष्य पेत्र, मूळ नाव सीमोन, कोंबडा आरवायच्या आत तीनदा त्याला नाकारतो. पुढं प्रभू मरणातून उठतो, पहाटे सरोवराच्या काठी येतो, आणि पेत्र नावेतून उडी टाकून त्याच्याकडं जातो. बाबांच्या आख्यानात इथं प्रभू पेत्राला जाब विचारतो. बारा कडव्यांत.

*सांग रे सीमोना, कुठं होतास तेव्हा?*
*खिळे ठोकताना नाव घेतलंस केव्हा?*

असं एकेक कडवं चढत जायचं. सहाव्या कडव्याला बायका डोळे पुसायला लागायच्या. पंच लूकसकाका तर रुमाल आधीच काढून मांडीवर पसरून बसायचे. दूरदूरच्या गावांची माणसं विचारायची, "बुवा, जाबाचं पद आहे ना?"

गेली दोन वर्षं मात्र बाबा ते पद पेत्राला म्हणत नव्हते. ते नथूला म्हणत होते.

नथू, नथानिएल, माझा थोरला भाऊ. बाबांचा तबलजी. बोटं अशी, की रिकाम्या पत्र्याच्या डब्यातून पाऊस काढील. दोन वर्षांपूर्वी मोठं संमेलन होतं, दोन हजार माणूस, आणि त्याच दिवशी सकाळी नथू न सांगता पुण्याला निघून गेला. लग्नाच्या बँडमध्ये. बाबा तबल्याशिवाय उभे राहिले. पहिल्याच पदात लय सुटली. कोणीतरी हसलं. ते हसणं बाबांच्या कानातून गेलं नाही.

माझ्याही गेलं नाही. त्या दिवसापासून पेटी माझ्या गळ्यात पडली. मला नर्सिंगला जायचं होतं, अर्ज भरला होता. बाबांच्या साथीला कोणी नाही म्हणून राहिले.

नथू वर्षातून एकदा यायचा, सणाला. आईसाठी लुगडं घेऊन यायचा, मांडवाच्या मागं लिंबापाशी उभा राहायचा. बाबा जाबाचं पद सुरू करायचे आणि नजर थेट लिंबावर. मग सगळा मांडव मान वळवून लिंबाकडं बघायचा. पद संपेपर्यंत नथू उभा राहायचा आणि न जेवता जायचा. दोन्ही वर्षं.

या वर्षी त्याचं कार्ड आलं. मीच आईला वाचून दाखवलं. बँड जबलपूरला चालला होता, कायमचा. सणाला येईन, उभ्या उभ्या भेटेन आणि तसाच स्टेशनवर जाईन, जेवायला वाट बघू नकोस.

आईनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं केलं. "यंदा जेवल्याशिवाय गेला," ती म्हणाली, "तर तो पुन्हा यायचा नाही, सले. मी आई आहे, मला कळतं."

"मग मी काय करू?"

"ते पद गाळ."

"आई, ते पद गाळलं तर कीर्तनात राहिलं काय? माणसं त्याच्यासाठीच येतात."

आई माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघितलं नाही. कारण मला ते पद गाळायचं नव्हतं. माणसांसाठी नव्हे. लिंबाकडं बघून ते मला स्वतःला म्हणायचं होतं. बाबांपेक्षा चांगलं म्हणायचं होतं.

असं मन घेऊन मी रोज मावशींपुढं बसायची.

मावशींची रीत साधी. उतारा वाचायचा, मग गप्प बसायचं. किती वेळ, ते सांगायच्या नाहीत. मग पुन्हा वाचायचा. एखादं वाक्य अंगाला चिकटलं तर तिथंच थांबायचं. तरुणपणी त्या चालत जायच्या तेव्हा एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत तोंडात एकच वाक्य ठेवायच्या.

"म्हणजे लांबच्या गावाला लांब वाक्य?" मी विचारलं.

"उलट. लांबच्या गावाला लहान. लहानाला चावायला जास्त वेळ लागतो."

पहिले काही दिवस मला ते बसणं म्हणजे शिक्षा वाटायची. मी भिंतीकडं बघत बसायची.

"पाली मोजून झाल्या असतील तर पुन्हा वाच," मावशी म्हणायच्या.

शेवटी देवाशी बोलायचं. एकच वाक्य. पहिल्या दिवशी मी डोळे मिटून सुरू झाले, "हे सर्वसमर्थ, दयाघन, स्वर्गीय पित्या, तुझ्या अगाध कृपासनापुढं..." मावशींनी माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"ही पाळकसाहेबांची आहे. त्यांची त्यांना परत दे. तुझं काय आहे ते बोल."

"माझं काही नाही."

"हे बोल की मग त्याला."

मग मी खरंच म्हणाले, "प्रभू, माझं काही नाही, आणि मला कंटाळा आलाय." मावशी समाधानानं म्हणाल्या, "आमेन."

धारा आणि पाय धरण्याची चूक पकडली गेली ती विसाव्या दिवशी. त्यानंतर मी ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागले, दुसरीतल्या पोरीसारखी. आणि बोट ठेवल्यावर जाबाचं पद शोधायला लागले. बारा कडवी नसतील, चार तरी असतील? दोन? प्रभू पेत्राला काहीतरी बोलला असेल ना! मी रोज तो काठ पायाखाली घातला. जाब कुठंच नव्हता. न्याहारीनंतर प्रभू तीनदा एकच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच.

"मावशी, तो त्याला रागावत का नाही?"

"मला काय विचारतेस? वाच की."

"वाचलं. शिष्य काठावर येतात तर निखारे पेटलेत आणि त्यांच्यावर मासळी भाजतेय."

"कोणाची मासळी?"

"यांनी धरलेली."

"बोट ठेव."

मी बोट ठेवलं. यांची मासळी अजून जाळ्यात होती, पाण्यात. निखाऱ्यावरची त्याची होती. हे काठावर यायच्या आधीच त्यानं भाजायला घातली होती. इतकी वर्षं मी हे आख्यान ऐकलं, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा पदाच्या चालीत ते ऐकूच आलं नव्हतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी बाबांना विचारलं, "बाबा, जाबाचं पद शास्त्रात कुठं आहे?"

बाबांनी पाटी मांडीवर ओढली. मग लिहिलं, "हे कीर्तन आहे. पाठ नव्हे." पुसलं. पुन्हा लिहिलं, "म्हणायचंच." ते त्यांनी पुसलं नाही. दोन दिवस पाटी तशीच चुलीजवळ उभी होती.

चौतिसाव्या दिवशी एक गोष्ट झाली. दुपार होती. मी वाचलं, "या, न्याहारी करून घ्या." एवढंच वाक्य आणि बसले. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती. थोड्या वेळानं ती थांबली, की मलाच ऐकू येईनाशी झाली, कोण जाणे. पाझर तलावाच्या पलीकडं मी कधी पाणी पाहिलं नव्हतं, पण मला काठ दिसला. ओली वाळू. धूर. मी निखाऱ्यापाशी बसले होते. जाब विचारायलाच बसले होते, तोंडात पहिलं कडवं तयार होतं. तेवढ्यात माझ्यापुढं भाकर आली. काही न विचारता. भूक लागली होती, मी घेतली. आणि घास तोंडात असताना कडवं कसं म्हणणार? मी शेजारी बघितलं, आणि एकदम मला हसू फुटलं. मोठ्यानं. मावशींच्या खोलीत, प्रार्थनेत.

"काय झालं गं?"

"काही नाही, मावशी."

"शेजारी कोण बसलंय?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

मावशींनी मिशेरीची डबी उघडली. "बरं," म्हणाल्या. "आज दुसरं वाक्य बोलायची गरज नाही. हसलीस तेवढं पुरे."

सणाच्या दिवशी देऊळ बाजरीच्या कणसांनी, भोपळ्यांनी, तुरीच्या शेंगांनी भरून गेलं होतं. कोणी अंडी आणली होती, कोणी कोंबड्या. दुपारी मांडवात तीनएकशे माणूस. मी पांढरी साडी नेसले होते, डोक्यावर पदर, हातात बाबांची झांज. बाबा पेटीवर. तबल्यावर शाळेतले कदममास्तर. कदममास्तर फार सज्जन माणूस, पण त्यांचा ठेका असा, की धरला तर सुटायचा नाही आणि सुटला तर धरायचा नाही.

मावशी पुढच्या रांगेत, आईच्या खांद्याला टेकून. आई मागं वळून बघत नव्हती. बघायची गरज नव्हती. लिंबाखाली नथू उभा होता. खांद्याला बँडची लाल पिशवी. एक पाय पुढं, एक मागं, निघायच्या बेतात असल्यासारखा.

पूर्वरंग नीट पार पडला. आख्यान सुरू झालं. मी पेत्राला अंगणात शेकोटीपाशी आणलं. दासी विचारते, तो नाही म्हणतो. दुसऱ्यांदा विचारतात, तो नाही म्हणतो. आणि एवढ्यात देवळाच्या पायरीवर पाय बांधून ठेवलेला अर्पणाचा कोंबडा आरवला. खणखणीत!

मांडव हसून लोटपोट.

"अरे थांब रे बाबा," मी कोंबड्याला म्हणाले, "त्याचं अजून एकदा नाकारायचं राहिलंय!"

तेव्हा तर पाळकसाहेबसुद्धा हसले. मला बळ आलं. वाटलं, जमतंय. मग तिसरं नाकारणं, वधस्तंभ, कबर, आणि ती पहाट. मी सगळ्यांना सरोवरावर नेलं. पेत्रानं उडी टाकली. काठ आला.

आणि बाबांच्या पेटीवर जाबाच्या पदाची सुरावट सुरू झाली.

लूकसकाकांनी रुमाल पसरला. मांडवात एक हालचाल झाली. मी ती दोन वर्षं पेटीमागून पाहिली होती, आज पहिल्यांदा समोरून पाहिली. तीनशे माना वळल्या. पिकाचं शेत वाऱ्यानं एका बाजूला कलावं तशा. लिंबाकडं.

नथूनं मान खाली घातली. दुसरा पायही मागं घेतला.

आता सांगते, त्या दिवशी मावशींच्या खोलीत निखाऱ्यापाशी माझ्या शेजारी कोण होतं. नथू होता. गरम मासळीनं बोटं पोळून ती तोंडात घालून चोखत होता, लहानपणी आईच्या चुलीपाशी करायचा तसा, मचमच आवाज करत. मी ज्याला जाब विचारायला बसले होते, तो माझ्याच ताटाला ताट लावून जेवत होता, आणि वाढणारा दोघांनाही सारखं वाढत होता.

सुरावट संपली. मी पद उचललं नाही. बाबांनी मान वर केली, पुन्हा वाजवली. मी उचललं नाही. कदममास्तर तर एकटेच ठेका धरून पळत सुटले होते.

मी झांज खाली ठेवली.

"मायबाप मंडळी," मी म्हणाले. "हे पद मी वीस दिवस शोधलं. ओळीखाली बोट ठेवून शोधलं. मला सापडलं नाही. जे सापडलं ते वाचते."

"पद म्हण, पोरी!" मागून कोणीतरी ओरडलं. "विसरली वाटतं," एक बाई म्हणाली.

मी शास्त्र उघडलं आणि वाचलं. निखारे. मासळी. भाकर. या, न्याहारी करून घ्या. आणि त्यानं भाकर घेतली आणि त्यांना दिली. मी थांबले.

बाबांनी तिसऱ्यांदा सुरावट वाजवली. जोरात. पेटी नव्हे, दारच ठोठावत होते.

मी पुन्हा वाचलं. तेच, तितक्याच सावकाश. सगुणामावशींचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. कदममास्तर केव्हातरी थांबले. माणसं चुळबुळत होती, मग चुळबुळ थांबली. लूकसकाकांनी रुमाल उचलला आणि त्याचं काय करावं न कळून पुन्हा ठेवला. कोणी आता लिंबाकडं बघत नव्हतं. खाली बघत होते, आपापल्या हातांकडं.

मी तिसऱ्यांदा वाचलं. तीनशे माणसांत एकही मूल रडत नव्हतं. पेटीचा भाता बाबांच्या हातून सुटला आणि आतला राहिलेला वारा एक लांब सूर काढत निघून गेला.

बाबा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता उठून जातील. तीस वर्षांचं त्यांचं पद मी भर मांडवात खाली ठेवलं होतं. त्यांनी पाटीसाठी हात लांबवला. पाटी घरी होती.

मग ते बोलले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आवाज कसला, कोरड्या पानावर पाय पडावा तसं काहीतरी. मलाच जेमतेम ऐकू आलं.

"नथूला बोलवा."

मला ते पुढं सांगता येईना. पण पहिल्या रांगेनं ऐकलं होतं.

"बुवा बोलले!"

"काय म्हणाले?"

"नथूला बोलवा म्हणाले."

दुसऱ्या रांगेनं तिसऱ्या रांगेला सांगितलं. तिसरीनं चौथीला. "नथूला बोलावलंय." "कोणी?" "त्याच्या बापानं, अजून कोणी!" ते शब्द माणसांच्या डोक्यांवरून मागं मागं जाताना मला दिसत होते. "नथूला बोलवा रे." "नथानिएल, बाबा बोलावतात." "अरे जा की लेका!" आणि सगळ्यात मागं एका म्हातारीनं त्याच्या खांद्यावरची लाल पिशवी सरळ काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

तीनशे माना पुन्हा लिंबाकडं वळल्या होत्या. पण आता त्या बघायला वळल्या नव्हत्या, वाट द्यायला वळल्या होत्या.

नथू आला. गुडघे सरकवत माणसांनी मधे वाट केली. तो तबल्यापाशी पोचायच्या आत कदममास्तर उठले होते. "सुटलो बाबा," ते मोठ्यानं म्हणाले. "ये, बस, तुझं तू सांभाळ."

नथू बसला. बाप-लेकांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. नथूनं तबल्यावर टिचकी मारली, तोंड वाकडं केलं.

"काय केलंय याचं? कुठला सूर?"

बाबांनी पेटीच्या पट्टीवर बोट दाखवलं. काळी चार.

"काळी चारला हा चढायचा नाही, बाबा."

"चढव," बाबा म्हणाले.

नथूनं हातोडी घेतली. टक, टक, टक. मांडवात दुसरा आवाज नव्हता. तबला बोलायला लागला, आणि मग त्याच्या डोळ्यांतून जे आलं ते मी बोट ठेवून दाखवू शकते, कारण माझ्यासमोर आलं. ते पुसायला त्यानं हात वर केला आणि हातोडी कपाळावर लागली.

"सले," तो हुंदका आवरत म्हणाला, "पद कुठलं?"

"पद नाही."

"मग मला बोलावलं कशाला?"

पहिली रांग खदखदून हसली. मी झांज उचलली. चाल मी लावली नव्हती, खरंच नव्हती, चाळीस दिवस नियम पाळला होता. तोंड उघडलं आणि ती आली. या, न्याहारी करून घ्या. एवढी एकच ओळ. नथूनं ठेका धरला, बाबांनी दोन फेऱ्यांत सूर शोधला, आणि मग मांडवानं ती ओळ आमच्या हातून घेतली. किती वेळ गात होतो कोण जाणे. लूकसकाका टाळ्या वाजवत उभे राहिले होते, रुमाल जमिनीवर.

नथू जबलपूरला गेलाच, तिसऱ्या दिवशी. नोकरी ती नोकरी. पण पुढं कोणत्याही सणाला तबला दुसऱ्याच्या हाती गेला नाही. बाबांचा घसा सुधारला, पूर्वीइतका नाही. जाबाचं पद त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. एकदा म्हणाले, "बारा दिवस आणखी बसायला पाहिजे होतं मावशींकडं." मी म्हणाले, "एकोणतीस, बाबा." मी आज चाळीस वर्षं कीर्तन करते, आणि आख्यानात त्या काठावर आले की गाणं थांबवून नुसतं वाचते. नवीन पोरापोरींनाही आधी बोट ठेवायला शिकवते, मग झांज.

तर त्या सणाच्या दिवशी कीर्तनानंतर पंगती बसल्या. बाजरीची भाकर, रस्सा, भात. मी मावशींना हाताला धरून बसवलं.

"सलोमी," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी शेजारी कोणी नाही म्हणालीस. खोटं बोललीस."

"हो, मावशी."

"कोण होतं?"

"समोर बसलंय. आवाज ऐका."

मावशींनी कान दिला. समोर नथू मचमच करत जेवत होता. आई रश्श्याचं भगुणं घेऊन त्याच्यापाशी आली. पंगतीत बाकी कोणी आहे, हे ती विसरलीच होती.

"वाढू?"

"वाढ."

थोड्या वेळानं पुन्हा आली. "वाढू?"

"वाढ, आई."

तिसऱ्यांदा आली. नथूनं पट्टा सैल केला होता, कपाळावर घाम होता, श्वास घेता येत नव्हता. बाबा शेजारच्या पाटावरून त्याच्याकडं बघत होते.

"वाढू रे?"

नथूनं ताट पुढं केलं. पुरे म्हणाला नाही.